नावाड्यामागची झील

संपादकांनी फोनवर सांगितलं, "ताई, तुम्ही इतक्या देशांत नाटकं केलीत, बसवलीत. सगळा प्रवास पहिल्यापासून लिहा." मी हो म्हटलं आणि बाळकुमच्या आमच्या फ्लॅटमध्ये वही उघडून बसले. जन्म शहाडचा, वडील कारखान्यात, शाळा कल्याणला, पहिलं बक्षीस अमक्या स्पर्धेत, असं दीड पान लिहून झालं आणि मलाच जांभई आली. लिहिणारीलाच जांभई येत असेल तर वाचणाऱ्याचं काय होणार. तेव्हा तो प्रवास राहू दे. तीस वर्षांत मी चार खंडांत काम केलं. त्यातलं बरंचसं म्हणजे गार पडलेल्या हॉलमध्ये जमिनीवर चिकटपट्ट्या लावायच्या आणि माणसांना इथून तिथे चालायला सांगायचं. त्यापेक्षा मी एका नटाची आणि एका झीलकऱ्याची, म्हणजे गाणाऱ्यामागे उभं राहून साथ देणाऱ्याची, गोष्ट सांगते. नट त्याच्या परवानगीने इथे आला आहे. झीलकऱ्याला परवानगी विचारली तर म्हणाले, "त्यात विचारायचं काय? लिही की."

पण आधी धंदा थोडा समजावून सांगायला हवा. मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, तुला तिथली भाषा येत नाही, मग तू तिथलं नाटक बसवतेस कसं? नातेवाइकांनी विचारला, सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारला, एकदा विमानतळावर माझा पासपोर्ट तपासणाऱ्यानेही विचारला.

उत्तर सोपं आहे. नाटकाचा मजकूर मला माहीत असतो. तो मी आधी इंग्रजीतून वाचते, मग माझ्यापुरता मराठीत लिहून काढते. त्यानंतर मूळ भाषेतली वाक्यं कुणाकडून तरी वाचून घेऊन रेकॉर्ड करते आणि देवनागरीत उतरवते. मग ती कानात घालून महिना दोन महिने चालते. तालमीला उभी राहते तेव्हा कुठलं वाक्य कुठे संपतं, कुठे श्वास आहे, हे मला ठाऊक असतं. बाकीचं अंगावर दिसतं. आफ्रिकेत, एका मोठ्या तळ्याकाठच्या गावात मी नाटक बसवत होते. तिथल्या एका नटाला मी म्हटलं की हे एक वाक्य तू खोटं बोलतोयस. तो म्हणाला, तुम्हाला आमची भाषा कुठे येते? मी म्हटलं, भाषा येत नाही, पण ते वाक्य आलं की तुझी टाच उचलली जाते. तो हसायला लागला. त्या वाक्याचा अर्थ त्यालाच लागला नव्हता, आणि विचारायची लाज वाटत होती.

आणि प्रेक्षक. दक्षिण अमेरिकेतल्या एका गावात मी स्वतः काम करत होते, एका आईची भूमिका. तिथे एक गृहस्थ रोज पहिल्या रांगेत येऊन बसायचे आणि पहिल्या दहा मिनिटांत झोपायचे. नटाला याच्याइतका अपमान नाही. शेवटच्या प्रयोगानंतर मी दुभाष्याला घेऊन त्यांना गाठलंच. ते म्हणाले, बायको गेल्यापासून मला घरी झोप लागत नाही, तुमचा आवाज सुरू झाला की लागते. मी त्यांना नमस्कार केला आणि परत फिरले. तेव्हापासून झोपलेल्या प्रेक्षकावर मी रागावलेली नाही. घोरणाऱ्यावर मात्र रागावते.

आता तो नट, ऑटो.

उत्तर जर्मनीत एक बंदराचं शहर आहे. तिथल्या थिएटरच्या प्रमुख इंग्रिड बाईंनी माझं एक नाटक कुठल्याशा महोत्सवात पाहिलेलं. त्यांनी मला एक नवं नाटक बसवायला बोलावलं. गोष्ट साधी होती. नदीवर पूल झालाय, आता होडीने पलीकडे कुणीच जात नाही, पण एक म्हातारा नावाडी रोज होडी सोडतो. मुलगी त्याला घरी चल म्हणते, तो जात नाही. नावाड्याचं काम ऑटोकडे होतं. वय पंचाहत्तरच्या आसपास, सहा फूट उंच, पांढरे केस, आणि त्या शहरात मान असा की बेकरीवाला त्याच्याकडून पैसे घ्यायला लाजायचा.

ऑटोने मला पहिल्या दिवशी हात मिळवला आणि खुर्चीत बसला. तो उठलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी सांगायचे, इथे होडीजवळ या. तो मान हलवायचा आणि खुर्चीतूनच वाक्यं म्हणायचा, पण अशी म्हणायचा की हॉलमधल्या सुताराचाही हात थांबायचा. बाकीचे नट माझ्याकडे बघत राहायचे, ही बाई आता काय करते म्हणून. मी पाच फुटांची, सावळी, अंगावर दोन स्वेटर. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला कळत होतं. आयुष्यभर कळत आलेलं आहे, शहाडपासून.

चौथ्या दिवशी ऑटोने एका मोठ्या स्वगतातली तीन वाक्यं गाळली. थांबला नाही, अडखळला नाही, सरळ पुढच्या वाक्यावर गेला. मला वाटलं, हा माझी परीक्षा घेतोय. हिला भाषा येत नाही, काय गाळलं ते हिला कळणारही नाही, हे त्याला सगळ्यांना दाखवायचंय. माझं डोकं फिरलं. मी टाळी वाजवून तालीम थांबवली आणि ती गाळलेली तीन वाक्यं जर्मनमध्ये, एकही शब्द न चुकता, त्याच्याकडे बघत म्हणून दाखवली. बाळकुमच्या खाडीच्या रस्त्यावर सकाळी चालताना पाठ केलेली वाक्यं होती ती.

ऑटो उठला. चार दिवसांत पहिल्यांदा उठला. त्याने मला वाकून अभिवादन केलं, कोट घेतला आणि निघून गेला. मागे कुणीतरी हळूच टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

ते बरं वाटणं दुपारच्या जेवणापर्यंत टिकलं. तिकडच्या थिएटरमध्ये प्रॉम्प्टर अजून पगारी नोकरीवर असतो, पहिल्या रांगेत बसून शब्द पुरवतो. आमच्या प्रॉम्प्टर बाई ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसल्या आणि खाली मान घालून म्हणाल्या, तो परीक्षा घेत नव्हता. गेलं वर्षभर असंच होतंय. मी शब्द देते, पण उजव्या कानाने त्याला ऐकू येत नाही, आणि डावा कान माझ्याकडे करायचा तर मान वळवावी लागते, म्हणजे सगळ्यांना कळतं. खुर्चीत बसतो कारण खुर्चीच्या हातावर कागद चिकटवलेला असतो. आम्ही सगळे सांभाळून घेतो. तुम्ही नव्या, तुम्हाला कुणी सांगितलं नाही.

मी ताट बाजूला सारलं. ज्या गोष्टीचा मला आजही पश्चात्ताप आहे ती ही. मी टाचा बघणारी बाई, माणूस खोटं बोलतोय की नाही हे टाचेवरून ओळखणारी, आणि समोरचा माणूस घाबरलाय हे मला दिसलं नाही. कारण मी त्याच्याकडे बघतच नव्हते. मी माझा अपमान बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या घरी गेले. त्याने दार उघडलं आणि बाजूला झाला. आत भिंतीवर, कपाटावर, स्वयंपाकघराच्या फरशीवर, सगळीकडे कागद लावलेले. मोठ्या अक्षरांत नाटकातली वाक्यं. चहाच्या किटलीवरही एक वाक्य होतं. मी माफी मागितली. त्याने चहा केला, माझ्यासमोर ठेवला आणि इंग्रजीत म्हणाला, "मला काढा. दुसरा नट घ्या. फक्त सगळ्यांसमोर सांगू नका. आजारी पडलो असं सांगा."

मी म्हटलं, "मला दोन दिवस द्या."

"दोन दिवसांत माझी स्मरणशक्ती परत येणार आहे का?"

"नाही. पण मला विचार करू द्या."

तिथून मी नदीच्या काठाने चालत निघाले. विचार असा काही येत नव्हता. नट बदलणं हाच शहाणपणाचा मार्ग होता, इंग्रिड बाईंनी तो लगेच मान्य केला असता. पण मला त्या नदीवर सारखे माझे बाबाच आठवत होते.

माझे बाबा कारखान्यात कामाला होते आणि जलशात गायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जयंतीला आमच्या वस्तीत जलसा व्हायचा. पुढे मुख्य गाणारा, हातात डफ. मागे तीन-चार जण, ते झील धरायचे. म्हणजे पुढच्याने कडवं म्हटलं की त्याची शेवटची ओळ मागचे उचलायचे, वरच्या पट्टीत न्यायचे, आणि पुन्हा पुढच्याच्या हातात द्यायचे. तेवढ्यात पुढच्याला श्वास मिळतो. बाबांच्या मागे भिकाजीकाका असायचे. बाबांच्याच खात्यात कामाला, आमच्या चाळीत दोन खोल्या सोडून राहायचे. एका जयंतीला संध्याकाळच्या कार्यक्रमात काकांनी एकच ओळ चार वेळा फिरवली, दर वेळी वेगळी, आणि लोक अक्षरशः उभे राहिले. मला वाटलं केवढी कला. घरी आल्यावर बाबा आईला सांगत होते की मी पुढचं कडवं पार विसरलो होतो, भिकाजीने तारलं. चौथ्या वेळी ओळीच्या शेपटाला त्याने पुढच्या कडव्याचा पहिला शब्द जोडून दिला, तेव्हा मला आठवलं.

मी त्या नदीकाठी थांबले आणि मोठ्याने मराठीत म्हटलं, अरे, मग हेच करायचं. शेजारून जाणाऱ्या बाईने कुत्र्याची दोरी आखडून घेतली.

दोन दिवसांनी मी तालमीत जाहीर केलं की नावाड्यामागे चार जणांचा कोरस असेल. ते नदीचा काठ असतील. नावाडी बोलेल, ते त्याची शेवटची ओळ उचलतील. जर्मन नटांना कोरस नवा नाही, पण झील नवी होती. ते सगळे मिळून एका सुरात, शिस्तीत, शाळेतल्या प्रार्थनेसारखे बोलायचे. बाबांच्या जलशाचे किस्से सांगत त्यांना शिकवायला मला तीन आठवडे लागले. झील म्हणजे प्रतिध्वनी नव्हे. पुढच्याचं वाक्य संपायच्या आत, त्याच्या श्वासाच्या शेपटाला धरायचं असतं. तो दमलाय की रंगात आहे हे त्याच्या पाठीवरून वाचायचं असतं. तो अडला तर ओळ पुन्हा फिरवायची, आणि शेवटी हळूच पुढचा शब्द द्यायचा, तो दिल्याचं कुणाला कळू न देता. आणि मुख्य म्हणजे हे सगळं मोठ्याने. कुजबुज ऑटोला ऐकू येत नव्हती. चार माणसांचा खुला आवाज मान न वळवताही त्याच्या डाव्या कानाला ऐकू येत होता.

पहिल्या तालमीत ऑटोला काय चाललंय ते कळलं नाही. दुसऱ्या तालमीत तो एका जागी अडला. मागच्यांनी ओळ फिरवली, पुन्हा फिरवली, शब्द दिला, आणि तो पुढे गेला. स्वगत संपल्यावर त्याने मागे वळून त्या चौघांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी तालमीला आले तर हॉलमध्ये त्याची खुर्ची नव्हती. त्यानेच ती बाहेर नेऊन ठेवली होती.

नाटक गाजलं. म्हणजे किती, तर तिकडच्या पेपरांनी लिहिलं की दिग्दर्शिकेने नदीला आवाज दिलाय, आठवण आणि विस्मरण यांचं रूपच रंगमंचावर आणलंय. मी ते भाषांतर करून घेऊन वाचलं आणि घडी घालून ठेवलं. बाबा असते तर म्हणाले असते, मी विसरलो होतो एवढंच.

आता कल्याण. मी तीस वर्षं जगभर काम केलं आणि माझ्या माणसांनी त्यातलं एकही पाहिलेलं नव्हतं. तरुणपणी मी स्पर्धेत कामं करायचे तेवढंच त्यांना आठवत होतं. त्यानंतर मी परदेशात गेलेले आणि तिकडे नाटकाचं काहीतरी करते, एवढी माहिती. माझी आई जाईपर्यंत लोकांना सांगायची की आमची रजनी फॉरेनला क्लास घेते. कशाचा, ते तिला सांगता यायचं नाही. त्यामुळे नावाड्याचं नाटक भारतात आणायचं ठरलं तेव्हा मी इंग्रिड बाईंना सांगितलं की मुंबईत करा, दिल्लीत करा, पण एक प्रयोग कल्याणला झाला पाहिजे.

दौऱ्याच्या महिनाभर आधी त्यांचा फोन आला. त्याच आठवड्यात थिएटरमध्ये दुसरं नाटक आहे, कोरसचे चौघे त्यात अडकलेत, मुंबई-दिल्ली रद्द. ऑटो आणि मुलीचं काम करणारी मारिया एवढेच मोकळे आहेत. त्यांचं म्हणणं होतं, कल्याणही सोडून द्यावं. मी ऑटोला कळवलं. त्याचं उत्तर एका ओळीचं होतं: तुमच्या वडिलांच्या मागे उभे राहणारे लोक अजून आहेत का?

होते. भिकाजीकाका होते, ऐंशीला आलेले, शहाडलाच, तब्येत खडखडीत. त्यांचे दोन जुने साथीदार होते. चौथी त्यांची मुलगी लता, कोपरला राहते, शाळेत शिकवते, आवाज बापाचा घेऊन जन्मलेली. मी शहाडच्या विहाराच्या हॉलमध्ये त्यांना बसवलं, देवनागरीत लिहिलेल्या जर्मन ओळींचे कागद वाटले आणि म्हटलं, पाठ करायचंय.

काकांनी चष्मा लावून पहिली ओळ वाचली. चष्मा काढला. "रजनी, हे मी पाठ करीन. पण हा बाबा काय म्हणतोय?"

मी म्हटलं, काका, सूर सांभाळला तरी चालेल.

"नाय चालत. अर्थ नसेल तर ती झील नाय, नुसती ओरड झाली. तुझ्या बापाने असं कधी करून घेतलं नाय आमच्याकडून."

लता म्हणाली, "ताई, बाबांना अर्थ सांगूनच टाक गं, नाहीतर आपण इथेच बसू."

मग मी प्रत्येक ओळीचा अर्थ सांगितला. काकांचे प्रश्न संपायचे नाहीत. नावाडी काठी डावीकडून मारतो की उजवीकडून? मुलगी सासरी आहे की घरीच? पूल कधी झाला, आणि झाला तेव्हा हा काय म्हणाला? शेवटचा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. लेखकालाही फोन करून विचारलं, त्यानेही विचारला नव्हता. तीन आठवडे हे चाललं. शेवटच्या आठवड्यात ऑटो आणि मारिया आले. ऑटो विहारात चप्पल काढून आत आला, वाकून नमस्कार केला, आणि काकांसमोर मांडी घालायचा प्रयत्न केला. जमलं नाही. काकांनी त्याला भिंतीशी नेऊन टेकायला दिलं. तालीम झाल्यावर लताच्या डब्यातली सुक्या बोंबलाची चटणी त्याने भाकरीबरोबर खाल्ली आणि डोळ्यांतून पाणी येत असताना अजून मागितली.

प्रयोग रविवारी दुपारी चारचा. कल्याणचं नाट्यगृह भरलं होतं, आणि त्यात डोंबिवलीची मंडळी बरीच होती, हे मला बघूनच कळलं. डोंबिवलीचा प्रेक्षक वेळेवर येतो आणि नाटक आवडलं नाही तर तुमच्या तोंडावर सांगतो. पुढच्या रांगांत आमची सगळी वस्ती. रंगमंचाच्या बाजूला पडद्यावर मराठी भाषांतर दिसत होतं. मी विंगेत उभी होते. जगात कुठेही मी प्रयोगाला इतकी घाबरलेली नव्हते.

पहिला अंक चांगला गेला. काका आणि मंडळी अशी झील धरत होती की जर्मन शब्दांना शहाडचा रंग चढला. दुसऱ्या अंकात मोठं स्वगत आलं आणि ऑटो थांबला.

त्यांनी ओळ फिरवली. पुन्हा फिरवली. शब्द दिला. ऑटो तसाच उभा. तिसऱ्यांदा फिरवली, लताने शब्द स्पष्ट, मोठ्याने दिला. ऑटोच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. आत्तापर्यंत अडला तरी तो शोधत असायचा. आता तो शोधतही नव्हता. आपण कुठे आहोत हेच त्याला कळत नसावं, असं मला वाटलं. माझ्या हातात पडद्याचा इशारा होता. पाच मोजायचे आणि पडदा पाडायचा, असं मी ठरवलं. तीनपर्यंत मोजले.

काकांनी आपली जागा सोडली. मी त्यांना बजावलेलं होतं की काही झालं तरी जागेवरून हलायचं नाही. ते शांतपणे चालत पुढे आले, लाकडी होडीत पाय ठेवला, धोतर सावरून फळीवर बसले आणि ऑटोकडे बघून साध्या मराठीत म्हणाले, "मला पलीकडं जायचंय. सोडतोस का?"

ऑटोने त्यांच्याकडे पाहिलं. होडीत माणूस बसलाय. नाटकभर त्या होडीत कुणीही बसत नाही, तेच तर त्याचं दुःख आहे. त्याला मराठीचा एक शब्द येत नाही. पण होडीत कुणी येऊन बसलं की नावाड्याने काय करायचं असतं, ते त्याच्या हातांना माहीत होतं. त्याने काठी उचलली आणि पाण्यात मारली. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्या वेळी काठीबरोबर वाक्य आलं. मग पुढचं. सगळं स्वगत आलं, एकही शब्द न गळता, आणि मी ते त्याच्या तोंडून इतकं चांगलं कधी ऐकलं नव्हतं. काका समोर बसून मान हलवत होते आणि होडीतूनच एकटे झील धरत होते. थोड्या वेळाने मागचे तिघे त्यांना येऊन मिळाले.

नाटक संपलं तेव्हा पहिली टाळी आमच्या वस्तीतून आली नाही, मागून, डोंबिवलीकडून आली. मग सगळं नाट्यगृह उभं राहिलं. एक वयस्कर बाई रंगपटात येऊन मला म्हणाल्या, तो उतारू येतो तो प्रसंग तुम्ही अगदी शेवटपर्यंत राखून ठेवलात, फार छान. मी "धन्यवाद" म्हटलं. काय सांगणार.

ऑटो काकांचा हात धरून बसला होता. मी काकांना म्हटलं, तुम्ही माझं ऐकलं नाहीत. ते म्हणाले, "त्याच्या पाठीवरून मला कळलं, शब्दाने भागायचं नाय. त्याला माणूस पाहिजे होता."

मारियाने त्या प्रसंगाचं चित्रण इंग्रिड बाईंना पाठवलं होतं. पंधरा दिवसांत पत्र आलं की हा उतारू आम्हाला आमच्या प्रयोगात हवाय, आणि हाच माणूस हवाय. काकांचा पासपोर्ट नव्हता. लताने तो काढला. व्हिसाच्या खिडकीवर त्यांना व्यवसाय विचारला. अर्जात लताने "निवृत्त कामगार" लिहिलं होतं. काकांनी तो कागद परत मागितला आणि "कलाकार" लिहायला लावलं. खिडकीतल्या मुलीने पुरावा आहे का विचारलं. काका म्हणाले, "तुम्ही एक ओळ म्हणा, मी दाखवतो." तिने ओळ म्हटली नाही, पण हसून शिक्का मारला.

त्या बंदराच्या शहरात काकांनी बारा प्रयोग केले. रोज होडीत बसले, रोज मराठीतच म्हणाले. प्रेक्षकांना भाषांतर द्यायचं का, असं इंग्रिड बाईंनी विचारलं. मी नको म्हटलं, आणि ते बरोबर ठरलं. ते म्हणताच सभागृहात जी शांतता पसरायची ती मी बाराही वेळा ऐकली. शेवटच्या प्रयोगाला लोक किती वेळ उभे होते ते मला सांगता येणार नाही, कारण मी पुढे काही बघू शकत नव्हते. बाबांनी हे बघायला हवं होतं, एवढंच सारखं मनात येत होतं.

परत निघायच्या आदल्या सकाळी ऑटोने काकांना खऱ्या नदीवर न्यायचं ठरवलं. तिथे अजून एक छोटी बोट चालते, पूल झालेला असूनही. धक्क्यावर गेलो, दोघे चढले, मीही पाय उचलला. ऑटोने मला हाताने थांबवलं.

"तुम्ही कशाला येताय?"

मी म्हटलं, "तुम्हाला त्यांची भाषा येत नाही, त्यांना तुमची येत नाही. बोलणार कसे?"

"आमचं चालतं," तो म्हणाला.

काका आधीच कठड्याला धरून उभे होते आणि पाण्याकडे बोट दाखवून त्याला काहीतरी सांगत होते. ऑटो डावा कान त्यांच्याकडे करून ऐकत होता. बोट सुटली. मी धक्क्यावर कॉफी घेतली आणि बाकावर बसले. तीस वर्षांत पहिल्यांदाच माझे दोन नट समोर काम करत होते आणि मला त्यांना काहीही सांगायचं नव्हतं. ते दिसेनासे होईपर्यंत मी बघत राहिले.